वाचकांचे प्रश्न : ‘विघटनशील’ प्लास्टिक नेमके कोठे विघटित होते?

प्लास्टिकच्या कचऱ्याविषयी आणि त्याला पर्याय म्हणून पुढे येणाऱ्या पॉलिमरांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर थोडे सविस्तर आहे, कारण त्यातील रसायनशास्त्राची एक बाब पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराला लागणार आहे.

प्रश्न : ‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या हिरव्या पिशव्या आणून मी ओला कचरा पिशवीसकट गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये टाकत होते. आठ महिन्यांनी खत चाळले, तेव्हा देठे, साली, चहाचा चोथा सगळे खतात मिसळून गेले होते. पिशव्यांचे मात्र तळहाताएवढे तुकडे तसेच निघाले. माझी फसवणूक झाली का? (एक गृहिणी, ठाणे)

झालीच असेल असे नाही. पिशवी खरी असतानाही आपल्या ड्रममध्ये हेच घडले असते, आणि त्याचे कारण पिशवीवर छापलेले नसते, ही खरी अडचण आहे.

पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकापुढे एक जोडून तयार झालेली लांबलचक साखळी. ती तुटेल की नाही, हे कड्या कोणत्या बंधाने जोडल्या आहेत यावर ठरते. नेहमीच्या पॉलिथिनच्या साखळीचा कणा निव्वळ कार्बनच्या अणूंचा असतो आणि पाण्याला किंवा जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइमांना) तेथे पकडायला जागाच मिळत नाही. कंपोस्टेबल पिशव्या बहुधा पीबीएटी नावाच्या पॉलिमरमध्ये स्टार्च किंवा पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, मिसळून करतात. पीबीएटी आणि पीएलए या दोन्हींच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतो, आणि हा बंध पाण्याने तुटू शकतो. तेल-तुपातही हाच बंध असतो. आपल्या आतड्यातील विकरे तो रोज तोडतात, आणि साबण करताना तोच कॉस्टिक सोड्याने तोडला जातो.

बंध तुटण्याजोगा असला, तरी तेवढ्याने काम होत नाही. पीएलएच्या साखळ्या सुमारे ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या खाली काचेप्रमाणे जखडलेल्या असतात. त्या तापमानाच्या वर गेल्यावर त्या सैल होतात, पाणी आत पोहोचते, साखळीचे तुकडे पडत जातात आणि ते पुरेसे आखूड झाले की मग जिवाणू ते खातात. म्हणून ‘कंपोस्टेबल’ या शब्दामागची चाचणीही अशाच उष्णतेत घेतली जाते. आपल्याकडील आयएस १७०८८ या मानकानुसार सुमारे ५८ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या खतात १८० दिवसांत पिशवीतील ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक भाग उरता कामा नये.

ही उष्णता बाहेरून द्यावी लागत नाही. कचरा खाणाऱ्या जिवाणूंच्या श्वसनातूनच ती निर्माण होते आणि कित्येक टनांच्या ढिगात आतल्या आत कोंडून राहते, म्हणून पालिकेच्या किंवा कारखान्याच्या मोठ्या खत प्रकल्पात ५८ अंश सहज गाठले जातात. घरच्या ड्रममधील दहा-पंधरा किलो कचऱ्याची ऊब मात्र चारही बाजूंनी निघून जाते. भाजीच्या देठांना इतकी उष्णता लागत नाही, म्हणून ती खतात गेली आणि पिशवी मागे राहिली.

यापुढे पिशवी घेताना तिच्यावर उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का, ते पाहावे. त्याशिवाय अशी पिशवी विकता येत नाही. घरच्या ड्रमसाठी मात्र प्रमाणित पिशवीही नको, बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद घालणे पुरेसे आहे. ‘कंपोस्टेबल’ या शब्दाशेजारी ‘मोठ्या खत प्रकल्पात, ५८ अंशांना’ हे शब्द त्याच आकाराच्या अक्षरांत छापणे सक्तीचे असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्राहकाने पदरचे जास्त पैसे मोजून पिशवी घ्यायची आणि तिच्या अंताची अट त्याला सांगायचीच नाही, हे न्याय्य नाही.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. एक पुरवठादार सांगतो की त्याच्या पॉलिथिनच्या पिशवीत एक भुकटी मिसळलेली असते, त्यामुळे ती वर्षभरात आपोआप नाहीशी होते. अशी पिशवी वापरावी का? (एक दुकानदार, मालेगाव)

वापरू नये. ही भुकटी म्हणजे बहुधा कोबाल्ट, मँगनीज किंवा लोह यांचे क्षार असतात, आणि अशा प्लास्टिकला ऑक्सो-विघटनशील म्हणतात. ऊन आणि हवेतील प्राणवायू यांच्या साहाय्याने हे क्षार पॉलिथिनचे ऑक्सिडीकरण जलद करतात, पिशवी ठिसूळ होते आणि तिचे तुकडे होत जातात. डोळ्यांना ती नाहीशी झाल्यासारखी वाटते, पण तुकडे मातीत किंवा नाल्यात असतातच, आणि ते इतके बारीक झालेले असतात की त्यानंतर कोणालाच वेचता येत नाहीत. ५ मिलिमीटरहून लहान अशा कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने ऑक्सो-विघटनशील प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणण्यास मनाई केली आणि जुलै २०२१ पासून ती लागू झाली.

महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेपासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, आणि देशभर १२० मायक्रॉनहून पातळ कॅरीबॅगांना ३१ डिसेंबर २०२२ पासून मनाई आहे. पुरवठादाराच्या तोंडी आश्वासनाने यातून सूट मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्रच लागते. ते त्याच्याकडे लेखी मागावे.

प्रश्न : प्लास्टिक खाणारे जिवाणू जपानमध्ये सापडले, असे आम्ही वाचले. मग ते कचऱ्याच्या डोंगरांवर सोडून प्रश्न सोडवता येणार नाही का? (अकरावीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

तू जे वाचलेस ते खरे आहे. जपानमधील साकाई शहरात पीईटी बाटल्यांच्या पुनर्चक्रीकरण केंद्राजवळून घेतलेल्या नमुन्यांत इडिओनेला साकाइएन्सिस हा जिवाणू सापडला आणि त्याची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पीईटीच्या पातळ पापुद्र्यावर ३० अंशांना हा जिवाणू वाढवल्यावर सुमारे सहा आठवड्यांत त्याने तो पापुद्रा जवळजवळ पूर्ण फस्त केला. मात्र तो पापुद्रा मुद्दाम असा निवडला होता, की त्यातील साखळ्या विस्कळीत होत्या. बाटली फुगवताना पीईटी ताणले जाते, त्यामुळे बाटलीत साखळ्यांचा मोठा भाग शिस्तीत रचला जाऊन स्फटिकासारखा घट्ट होतो, आणि विकराला तो सहजासहजी उकलत नाही.

यावर तुलूझ येथील फ्रेंच संशोधकांनी काढलेला उपाय वरच्या उत्तराशी ताडून पाहा. पीईटीमध्येही एस्टर बंध आहे आणि त्याच्या साखळ्या सुमारे ७० अंशांजवळ सैल होतात. म्हणून त्यांनी ७२ अंशांना टिकून राहील असे विकर घडवले आणि २०२० मध्ये दाखवून दिले की आधी दळून तयार केलेल्या पीईटीचा किमान ९० टक्के भाग १० तासांत मूळ घटकांपर्यंत तोडता येतो. त्या घटकांपासून पुन्हा नवी बाटली करता येते. मात्र हे सारे बंद टाकीत, मोजलेल्या तापमानात आणि निवडलेल्या कच्च्या मालावर घडते. कचऱ्याच्या डोंगरावर जिवाणू शिंपडून ते होणार नाही.

शिवाय त्या डोंगरात पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन मोठ्या प्रमाणात असते, आणि त्यांच्यात एस्टर बंधच नाही. काही डझन कार्बन अणूंची मेणासारखी साखळी जिवाणू खाऊ शकतात, पण पॉलिथिनच्या साखळीत हजारो कार्बन असतात आणि ती पेशीच्या आत शिरूच शकत नाही. या विषयात पुढे काम करायची तुझी इच्छा असेल, तर सेंद्रिय रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन्हींचा पाया भक्कम कर. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून कार्यरत आहे आणि पॉलिमरांवरील संशोधनाची तेथे दीर्घ परंपरा आहे.

प्रश्न : टोमॅटो आणि मिरचीसाठी मी दरवर्षी प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरतो. तण कमी येते आणि पाणी वाचते, पण हंगाम संपल्यावर पेपर फाटून निघतो आणि त्याचे तुकडे नांगराबरोबर जमिनीत जातात. बांधावर पेटवून द्यावा, असे काही जण सांगतात. विघटनशील पेपर मिळतो म्हणतात, तो घ्यावा का? (एक शेतकरी, जुन्नर)

आपले पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण शहरातील पिशवी निदान कोणाच्या तरी दृष्टीस पडते, शेतातला पेपर मात्र मातीआड होतो.

आधी हिशेब करू. आपल्याकडे भाजीपाल्यासाठी साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा पॉलिथिनचा पेपर वापरतात. २५ मायक्रॉनच्या पेपरचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २३ ग्रॅम भरते. गादीवाफे पाच फुटांवर असतील आणि पेपर चार फूट रुंद असेल, तर एकरी जवळपास ७५ किलो प्लास्टिक जमिनीवर अंथरले जाते. त्याचा दहावा हिस्सा जरी मातीत राहिला, तरी हंगामामागे ७ किलोंहून अधिक भर पडते, आणि पुढच्या हंगामात ती कमी होत नाही, त्यात वाढच होत जाते.

असे साठत गेल्यावर काय होते, हे चीनच्या शिनजियांग प्रांतातील कापसाच्या शेतांत दिसले आहे. तेथे वर्षानुवर्षे अतिशय पातळ पेपर वापरल्याने मातीत तुकड्यांचा थर साचला, मुळांची वाढ आणि पाण्याचे मुरणे यांत अडथळा येऊ लागला. शेवटी चीनने पेपरची किमान जाडी ८ वरून १० मायक्रॉन केली; हे नवे मानक २०१८ मध्ये लागू झाले. यामागचा हेतू एवढाच, की पेपर काढताना तो अखंड हातात यावा. स्वस्त म्हणून पातळ पेपर घेण्याच्या मोहाविषयी मी एरवी उपदेश केला नसता, पण येथे जाडी हाच जमीन वाचवण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे, म्हणून सांगावे लागते.

पेपर लवकर ठिसूळ होण्याचे आणखी एक कारण बऱ्याच जणांना माहीत नसते. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून पेपरमध्ये स्थिरीकारक द्रव्ये मिसळलेली असतात, आणि गंधकयुक्त किंवा क्लोरीनयुक्त औषधांच्या फवारणीमुळे त्यांतील काही निष्प्रभ होतात. भुरीसाठी गंधक वारंवार फवारले जात असेल, तर पेपर अपेक्षेहून लवकर तडकू शकतो. म्हणून शेवटच्या तोडणीनंतर पेपर उन्हात महिनोन्‌महिने पडू देऊ नये. झाडे कापून घ्यावीत, माती वाफशाहून कोरडी असताना आधी दोन्ही बाजूंच्या पुरलेल्या कडा मोकळ्या कराव्यात, आणि ओढत न नेता वाफ्यावर चालत जाऊन पेपर गुंडाळावा. गुंडाळण्यापूर्वी झटकला तर फार उत्तम, कारण शेतातून निघालेल्या पेपरवर पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त माती असते, आणि धुण्याच्या खर्चामुळे जुने प्लास्टिक वितळवून त्याचे दाणे करणारा कारखानदार असा माल नाकारतो.

पेटवून मात्र कधीही देऊ नये. उघड्यावर जळणारे पॉलिथिन अर्धवट जळते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणारी अरोमॅटिक (वलयाकार रचनेची) हायड्रोकार्बने बाहेर पडतात. सोबत पीव्हीसीचे पाइप किंवा त्यांचे तुकडे असतील, तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनेही तयार होतात.

आता विघटनशील पेपरविषयी. तो पीबीएटीवर आधारलेला असतो आणि हंगामानंतर मातीत नांगरून टाकता येतो. येथे आपण एकच प्रश्न विचारावा, की प्रमाणपत्र खताच्या ढिगासाठी दिलेले आहे की शेतातील मातीसाठी? खताच्या ढिगातील ५८ अंश आपल्या शिवारात कोठून येणार? पेपरमध्ये पीएलएचे प्रमाण जास्त असेल, तर तो ढिगात संपेल, पण मातीत वर्षानुवर्षे राहील. युरोपात मातीसाठी ईएन १७०३३ हे स्वतंत्र मानक २०१८ मध्ये आले. त्यानुसार सुमारे २५ अंशांच्या मातीत जास्तीत जास्त दोन वर्षांत ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि पेपरचा माती, रोपे व गांडुळे यांवर दुष्परिणाम होत नाही हेही दाखवावे लागते. असा पेपर साध्याहून महाग पडतो. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळ्या क्षेत्रावर न वापरता दोन वाफ्यांवर लावून पाहावा, आणि वर्षभराने तेथील माती चाळून किती तुकडे उरले ते स्वतः पाहावे. ज्या पिकात जमते तेथे उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा यांचे आच्छादन आजही उत्तम आहे. ते मातीतच कुजते आणि तिचा कस वाढवते.

प्रश्न : उसापासून प्लास्टिक होते, असे विद्यार्थ्यांना सांगितल्यावर त्यांनी विचारले, “मग ते गुळासारखे विरघळेल का?” मला समर्पक उत्तर देता आले नाही. (एक शिक्षिका, बारामती)

विद्यार्थ्यांचा प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. प्लास्टिक कशापासून केले आणि ते कशात विलीन होते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि एकीवरून दुसरी ठरत नाही. उसाच्या रसापासून इथेनॉल, इथेनॉलपासून एथिलीन आणि एथिलीनपासून पॉलिथिन असा मार्ग ब्राझीलमध्ये २०१० पासून औद्योगिक प्रमाणावर वापरात आहे. त्यातून निघणारे पॉलिथिन खनिज तेलापासून केलेल्या पॉलिथिनसारखेच तंतोतंत असते आणि तेवढेच चिवट असते. उलट पीबीएटी आजही बहुतांशी खनिज तेलापासून होते, तरी ते विघटनशील आहे.

पीएलए मात्र दोन्ही अर्थांनी वेगळे आहे. दही लावताना जे लॅक्टिक आम्ल तयार होते, तेच आम्ल साखरेच्या किण्वनातून मोठ्या प्रमाणात मिळवतात, त्यापासून लॅक्टाइड नावाचा वलयाकार रेणू करतात आणि ती वलये उघडून एकमेकांना जोडली की पीएलएची साखळी होते. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणाऱ्या काही टाक्यांत लॅक्टिक आम्लाच्याच जातीची पॉलिमरे असतात, हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. आपल्या भागातलेही एक उदाहरण आहे, कारण जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने उभारलेल्या जैवपॉलिमरांच्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

वरच्या वर्गातील मुलांकडून पुढचे गणितही करून घ्यावे. एक टन उसापासून साधारण ११० किलो साखर निघते असे धरले, तर रासायनिक समीकरणानुसार तिच्यापासून जास्तीत जास्त ९० किलोंच्या आसपास पीएलए होईल. प्रत्यक्षात त्याहून कमीच. उसाला लागणारे पाणी लक्षात घेतले, तर हे ९० किलो पुन्हा एकदाच वापरून फेकायच्या चमच्यांत घालवावेत का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. मला स्वतःला ते पटत नाही. जे गोळा करणे खरोखर अवघड आहे, किंवा जे अन्नासोबत खताच्या प्रकल्पातच जाणार आहे, तेथेच अशी पॉलिमरे वापरावीत.

प्रश्न : पुनर्चक्रीकरणासाठी घरात कचरा वेगळा करताना पाण्याची बाटली, दुधाची पिशवी आणि वेफर्सचे पाकीट एकाच पिशवीत ठेवले तर चालते का? (एक ज्येष्ठ नागरिक, पुणे)

कोरडा कचरा म्हणून एकत्र ठेवला तरी चालेल, कारण पुढची निवड आपल्याकडे कसबी हातांनी होते. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या आणि पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचकांमुळे पुण्यात ही निवड किती नेमकी होते, हे आपण पाहतच असाल. १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी अवघे ९ टक्के पुनर्चक्रीकरणाला गेले, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या श्रमामुळे आपल्याकडे एवढे तरी साधते, त्या लोकांच्या हाती माल स्वच्छ आणि कोरडा देणे, हे आपले काम आहे.

या तीन वस्तूंचे पुढे काय होते, ते थोडक्यात सांगतो. बाटली पीईटीची असते आणि तिच्या तुकड्यांना चांगला भाव येतो. पण पीईटी वितळवताना त्यात ओल राहिली, तर पाणी एस्टर बंध तोडते, साखळ्या आखूड होतात आणि मालाची मजबुती जाते; खताच्या ढिगात उपयोगी पडणारी तीच क्रिया येथे घातक ठरते. म्हणून कारखान्यात तुकडे अगदी कोरडे करून मगच वितळवतात. त्यात पीव्हीसी मिसळले तर त्यातून सुटणारे आम्ल माल पिवळा आणि ठिसूळ करते. पीएलएची बाटलीही पीईटीसारखीच दिसते आणि पाण्यात तशीच बुडते, म्हणून ती ओळखून बाजूला काढणे अवघड जाते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, या साध्या गुणाच्या आधारे बाटलीची टोपणे आणि बाटलीचे तुकडे वेगळे करता येतात. आपल्यालाही बादलीत हा प्रयोग नातवंडांना करून दाखवता येईल.

वेफर्सच्या पाकिटात पॉलिप्रॉपिलीन, त्यावर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म लेप, शाई आणि अनेकदा पॉलिथिनचा थर असे सारे एकजीव झालेले असते. हे थर सुटे करण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. यात कचरावेचकाचा दोष नाही, दोष पाकिटाच्या रचनेत आहे. एकाच कुळातील पॉलिमरचे थर वापरून पाकीट करणे शक्य आहे आणि त्या दिशेने उद्योगांवर नियमांचा दबाव असलाच पाहिजे.

दुधाची पिशवी मात्र पॉलिथिनच्याच निरनिराळ्या प्रकारांची केलेली असते, म्हणून तिचे दाणे चांगले होतात. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतीची किंमत छापण्याची तरतूद केली होती, ती याच विचाराने. रिकामी पिशवी एकदा विसळून वाळत घालावी. ती उघडताना कोपरा पूर्ण कापून काढण्याची सवयही सोडून द्यावी, कारण तो बोटाच्या पेराएवढा तुकडा कोणत्याही हाताला वेचता येत नाही आणि नळाच्या पाण्याबरोबर थेट गटारात जातो. कात्री अर्ध्यावर थांबवून कोपरा पिशवीलाच लोंबता ठेवावा.